बाई, शेवट आधी सांगितल्याबद्दल आभार

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’चा मराठी प्रयोग करण्याचे आमच्या हौशी संस्थेने ठरवले, तेव्हा प्रयोगाआधी प्रेक्षकांना या नाटकाची ओळख करून द्यावी, अशी विनंती आम्ही आपल्याला केली होती आणि आपण ती कोणतीही अट न घालता मान्य केलीत. शाल आणि श्रीफळ घेणार नाही, हे आपण पहिल्याच भेटीत बजावले होते. मानधनाचे पाकीटही जसेच्या तसे परत आले. आता आमच्या हाती आभारच उरले आहेत. ते जाहीरपणे मानण्याचे कारण असे, की ‘बाई जे बोलल्या ते कुठे वाचायला मिळेल का’, अशी विचारणा अनेक प्रेक्षकांनी केली आणि त्यांनाही या पत्रातून त्याचा थोडा अंश मिळावा, असे वाटले.

या नाटकाची अडचण अशी, की ते न पाहताच सगळ्यांना माहीत असते. रोमिओ हे नाव आपल्याकडे चौकात उभ्या राहणाऱ्या पोरांना चिडवण्यासाठी वापरले जाते, ज्युलिएट जाहिरातींत भेटते, आणि घरच्यांचा विरोध, पळून जाणे, शेवटी मरण हा सांगाडा हिंदी-मराठी चित्रपटांनी इतका वापरला आहे, की मूळ नाटकच त्यांची नक्कल वाटावे. तिकिटे विकताना साठीच्या पुढचे लोक ‘हे तरुणांचे नाटक’ म्हणत, तर तरुण ‘हे अभ्यासक्रमातले नाटक’ म्हणून पाठ फिरवत. नाशिकचा प्रेक्षक नाटकाला नवखा नाही. वि. वा. शिरवाडकर आणि वसंत कानेटकर ज्या गावात राहिले आणि लिहीत राहिले, तिथे नाटक कसे पाहावे हे कोणी शिकवू नये. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ (मॅकबेथ) आणि ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले, ‘नटसम्राट’मध्ये राजा लिअरची सावली आहे, हे येथील अनेकांना पाठ आहे. तरीही प्रेमाच्या शोकांतिकेपुढे हाच प्रेक्षक ‘कळले, पुढे काय’ अशा चेहऱ्याने बसतो, याची धास्ती आम्हाला होती.

म्हणूनच ठिकठिकाणी होणाऱ्या आपल्या व्याख्यानांत शेवट सांगावा की सांगू नये, यावर आमच्यात दोन तट पडले होते. आपण तो वाद पहिल्या वाक्यातच निकालात काढलात. गंगापूर रोडवरील एका सोसायटीच्या सभागृहात, माइक नीट लागण्याच्याही आधी, ‘दोघेही मरतात’ असे आपण सांगितलेत आणि मग शांतपणे म्हणालात, की हे मी फोडलेले नाही, नाटककारानेच पडदा उघडताच सांगून टाकले आहे. नाटकाच्या प्रारंभीची 14 ओळींची सुनीतासारखी बांधलेली प्रस्तावना आपण मराठीत वाचून दाखवलीत. व्हेरोना गाव, दोन घराणी, जुने वैर, दुर्दैवी प्रेमिक, त्यांच्या मरणाने गाडले गेलेले आईबापांचे भांडण, सगळे त्यात आले. त्यानंतरचा आपला दाखला तर नाशिककराखेरीज कोणाला सुचला नसता. पंचवटीत वाढलेल्या माणसाला सीताहरण होणार हे जन्मापासून ठाऊक असते, तरी रामलीलेत साधूच्या वेशातला रावण दाराशी आला की त्याच्या पोटात कालवतेच, असे आपण म्हणालात. काय होणार हे माहीत असले, की माणूस ते कसे होते याकडे लक्ष देऊ लागतो. नांदी आणि सूत्रधाराची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागले नाही, केवळ आठवण करून द्यावी लागली.

‘कसे’ या प्रश्नाचे आपले उत्तर होते घाई. फळ्यावर आपण वारांची नावे लिहिलीत तो भाग लोकांनी सर्वाधिक लक्षात ठेवला आहे. आर्थर ब्रुकच्या 1562 च्या ज्या इंग्रजी काव्यावरून शेक्सपिअरने कथा घेतली, त्यात ती महिनोन्‌महिने चालते. शेक्सपिअरने ती रविवार ते गुरुवार एवढ्यात कोंबली. रविवारी रात्री मेजवानीत भेट, सोमवारी दुपारी गुपचूप लग्न, त्यानंतर घटकाभरात रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ज्युलिएटचा भाऊबंद टिबाल्ट यांचे मरण, मंगळवारी पहाटे हद्दपार झालेल्या रोमिओचे गाव सोडणे, आणि पॅरिस नावाच्या सरदाराशी ज्युलिएटचे ठरलेले लग्न गुरुवारऐवजी बुधवारीच उरकण्याचा बापाचा हट्ट. ब्रुककडे नायिका सोळाची आहे, शेक्सपिअरने तिला चौदाही पूर्ण होऊ दिली नाहीत. प्रत्येक जण थोडी घाई करतो आणि कोणाचीही घाई एकट्याने जीवघेणी नसते, हे आपले विधान आमच्या दिग्दर्शकाने तालमीच्या वहीत पहिल्याच पानावर उतरवून घेतले. त्यावेळी बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी उभे राहून हरकत घेतली होती, की हे लग्न टाळायला मेल्याचे सोंग घेण्यासाठी मंगळवारी रात्री घेतलेल्या औषधाची गुंगी 42 तास टिकायची असेल, तर ज्युलिएट गुरुवारी पहाटेपूर्वी जागी होणे हिशेबात बसत नाही. आपण मनापासून हसलात आणि शेक्सपिअरची ही नोंद जुळत नाही, हे मान्य करून त्यांना शाबासकी दिलीत. प्रयोगाला ते गृहस्थ घड्याळ पाहत बसले होते, असे त्यांच्या पत्नीने नंतर सांगितले.

दुसरा धडा हसण्याचा होता. शोकांतिका म्हटली, की पहिल्या प्रवेशापासून गंभीर बसायचे, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. नाटकाचा जवळजवळ अर्धा भाग विनोदी नाटकाच्या चालीने जातो. बडबडी दाई, थट्टेखोर मर्क्युशिओ आणि नोकरांची चावट बाचाबाची यांवर मोकळेपणाने हसा, कारण हसलात तरच तिसऱ्या अंकात मर्क्युशिओला तलवार लागते तेव्हा काय हरपले ते कळेल, असे आपण सांगितलेत. जखमी अवस्थेतही तो विनोद करतो, सोबत्यांना ती थट्टाच वाटते, आणि त्याच्याबरोबर नाटकातले हसणे संपते. आपले हे बोलणे ऐकून दिग्दर्शकाने पहिल्या अंकातले करुण पार्श्वसंगीत काढून टाकले. परशुराम साईखेडकर नाट्यगृहातल्या प्रयोगात दाईच्या प्रवेशाला जे हशे पडले, त्यांचे श्रेय भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीइतकेच आपल्याला आहे. प्रेक्षकाला आधी परवानगी मिळालेली होती.

मूळ रंगभूमीची माहिती आपण आवश्यक तेवढीच दिलीत, हेही बरे झाले. उघड्या छताच्या नाट्यगृहात भर दुपारी हे प्रयोग होत, त्यामुळे रात्र शब्दांनी आणि पात्रांच्या हातातल्या मशालींनी उभी करावी लागे, हे ऐकल्यावर आमच्या प्रकाशयोजनाकाराने निळ्या दिव्यांची संख्या स्वतःहून कमी केली. ज्युलिएट मुलगा साकारत असे, हे सांगताना आपण बालगंधर्वांचे नाव घेतलेत आणि पुढचे बोलण्याची गरजच राहिली नाही.

‘शारदा’ मात्र आपण आणलीत, आणि ती आणल्यामुळे आमच्याकडच्या मंडळींनी नाटकातला बाप पाहिला. गोविंद बल्लाळ देवलांनी ‘झुंझारराव’ लिहून ऑथेल्लो मराठीत आणला, हे नाट्यरसिकांना माहीत असते. 1899 सालच्या त्यांच्याच ‘शारदा’त अल्पवयीन मुलीचे लग्न जरठाशी लावायला निघालेला कांचनभट आहे, हेही माहीत असते. (नाशिकमध्ये ‘शारदा’चे नाव निघाले, की विजयानंद थिएटर, 21 डिसेंबर 1909 आणि त्या प्रयोगाच्या वेळी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे आठवल्याशिवाय राहत नाहीत. आपणही क्षणभर तिकडे वळलात, आणि सभागृहाला ते आवडले.) आपण दोन बापांना शेजारी उभे केलेत. कांचनभट पैशासाठी मुलगी विकतो. ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट, त्याला पैशाची वाण नाही. पहिल्या अंकात तोच पॅरिसला सांगतो, की अजून दोन उन्हाळे जाऊ देत, तिचे मन जिंक, माझी संमती तिच्या पसंतीमागून येईल. असा शहाणा बाप तिसऱ्या अंकात त्याच मुलीला रस्त्यावर भीक मागून मरायला सांगतो. मधल्या काळात घरात एक मृत्यू झालेला असतो, आणि घर सावरण्याच्या नादात त्याला लग्न हा उपाय वाटतो. कांचनभटावर आपण सहज रागावू शकतो, कॅप्युलेटमध्ये आपला एखादा काका दिसतो, हे आपले वाक्य नाशिकरोडच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर बराच वेळ कोणालाच खोडता आले नाही. तो प्रवेश आम्ही त्यानंतर निराळा बसवला. आता आमचा कॅप्युलेट सुरुवातीला ओरडत नाही, विनवतो.

सिडकोतल्या अभ्यासिकेत तरुण मुले अधिक होती आणि त्यांचे प्रश्नही टोकदार होते. ज्युलिएट मेलेली नाही हे कळवणारे पादरी लॉरेन्सचे पत्र रोमिओपर्यंत पोहोचत नाही हा निव्वळ योगायोग आहे, आणि योगायोगावर उभी असलेली शोकांतिका दुबळी असते, असे अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने ठामपणे मांडले. पत्र घेऊन निघालेल्या दुसऱ्या पादऱ्याला प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडले जाते, याकडे आपण लक्ष वेधलेत. प्लेगमुळे 1592 ते 1594 या काळात लंडनची नाट्यगृहे बहुतांश वेळ बंद होती आणि हे नाटक त्यानंतर थोड्याच काळात लिहिले गेले. त्या प्रेक्षकाला बंद दार हा योगायोग वाटला नसेल, असे आपण म्हणालात. टाळेबंदीतून गेलेल्या त्या मुलांना अधिक सांगावे लागले नाही. ज्युलिएटला क्षणभर आधी जाग आली असती तर, असा हळहळता प्रश्न एका आजींनी विचारला, त्याला आपण इंग्रज नट डेव्हिड गॅरिकची हकीकत सांगितलीत. त्याने 1748 मध्ये शेवट बदलून रोमिओचा जीव जाण्यापूर्वी तिला जागे केले, दोघांना बोलू दिले, आणि प्रेक्षकांनी तो बदल पुढे कित्येक दशके डोक्यावर घेतला. आजी त्यावर ‘मग तुम्ही का नाही करत तसे’ म्हणाल्या, आणि आपण बोट आमच्या दिग्दर्शकाकडे दाखवून मोकळ्या झालात.

मात्र ज्यासाठी मी आपला विशेष ऋणी आहे, ती गोष्ट वेगळी आहे. निफाडकडच्या एका शिक्षकांनी विचारले होते, की आपल्याकडे जातीबाहेर लग्न केले म्हणून मुलामुलींचे जीव घेतले जातात, तीच ही कथा नव्हे का. असा प्रश्न येताच ‘होय’ म्हणून टाळ्या घेणे सोपे असते. आपण प्रस्तावनेची पहिली ओळ पुन्हा वाचलीत: दोन्ही घराणी सारख्याच प्रतिष्ठेची आहेत. त्यांच्या वैराचे कारण नाटकात कोठेही सांगितलेले नाही, आणि दोघांपैकी कोणी उच्च नाही, कोणी नीच नाही. आपल्याकडे जीव घेणारे लोक बहुधा समोरच्याला आपल्या बरोबरीचा मानतच नाहीत. म्हणून हे नाटक आपल्या दुःखावर जसेच्या तसे चढवू नका; जिथे ते बसत नाही, तिथे आपले दुःख अधिक भयंकर आहे एवढे समजा. सभागृहात काहींना हे उत्तर कोरडे वाटले. मला ते नाटकाशी आणि प्रश्न विचारणाऱ्याशी सारखेच प्रामाणिक वाटले. दोन कुटुंबांना गावकीचे पोशाख आणि बोली देऊन कथा आपल्या मातीत आणण्याचा विचार आमच्यापैकी काहींच्या मनात होता, तो त्या संध्याकाळनंतर मागे पडला आणि व्हेरोना व्हेरोनाच राहिले.

एका मुद्द्यावर मी अजूनही आपल्याशी सहमत नाही, हे आभारपत्रात लिहिले तर आपण रागावणार नाही, अशी खात्री आहे. दोघांच्या मृत्यूनंतर पादरी जी सगळी हकीकत पुन्हा सांगतो, ती कापू नये, असा आपला आग्रह होता. आम्ही ती निम्मी ठेवली, तरीही मागच्या रांगांत चुळबुळ होते. दोन बापांचा समेट मात्र आपल्या सांगण्यावरून पूर्ण ठेवला. रोमिओचा बाप मॉन्टेग्यू ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारण्याची घोषणा करतो आणि कॅप्युलेट लगेच तितकाच मोलाचा रोमिओचा पुतळा देऊ करतो. समेटातही ते एकमेकांच्या वरचढ होऊ पाहतात, हे आपण दाखवले नसते तर आमचे नट हा प्रवेश नुसते डोळे पुसत म्हणत राहिले असते. आता तिथे एक अवघडलेले, दबलेले हसू येते. ते हवे होते.

आपल्या हस्तलिखित टिपणांची एक प्रत संस्थेच्या कपाटात ठेवण्याची परवानगी आपण दिलीत, त्याबद्दलही आभार. आमची एक सभासद ती टंकलिखित करीत आहे. कोठे अक्षर लागले नाही तर ती आपल्याला दूरध्वनी करील. सिन्नर आणि मालेगाव येथून प्रयोगाची विचारणा झाली असून दोन्ही ठिकाणच्या आयोजकांनी आधी बाईंचे व्याख्यान हवे, असे कळवले आहे. आपली प्रकृती आणि सवड पाहून तारखा कळवाव्यात. गाडी घरापर्यंत येईल, फळा आणि खडू आम्ही बरोबर आणू, आणि या वेळी माइक आधी तपासून ठेवू.

आपला कृतज्ञ,
कार्यवाह, आणि संस्थेचे सर्व कलावंत व तंत्रज्ञ
नाशिक