राजाच्या वाटेवरची खडी

अंबाजोगाई

चि. रोहित यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हवाईतल्या होनाउनाउच्या किनाऱ्यावर त्या दिवशी तू मला तीनदा विचारलेस की, आई, समुद्र या बाजूला आहे, तू सारखी खाली काय बघत चालली आहेस? मी तिन्ही वेळा ‘काही नाही रे’ म्हणून पुढे निघाले. ऊन चढत होते, पाण्याची एकच बाटली उरली होती आणि जे मनात दाटून आले होते ते चालता चालता सांगून होण्यासारखे नव्हते. घरी येऊन आता महिना होत आला. रात्री वीज गेली की मी ओसरीवर येऊन बसते आणि ती काळी वाट डोळ्यांपुढे येते. तुझ्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे राहून गेले आहे, ते या पत्रात देते. पत्र लांबेल, पण सवडीने वाच.

आपण चाललो तो एका फार मोठ्या वाटेचा लहानसा तुकडा होता. हवाईच्या मोठ्या बेटाच्या किनाऱ्याने जाणाऱ्या जुन्या पायवाटांचा १७५ मैलांचा, म्हणजे सुमारे २८० किलोमीटरचा पट्टा २००० साली राष्ट्रीय ऐतिहासिक वाट म्हणून जाहीर झाला. त्याचे नाव ‘आला काहाकाई’, म्हणजे किनाऱ्याची वाट. राजे, त्यांचे सरदार आणि राजाचे निरोप घेऊन पळणारे जासूद याच वाटांनी जात. ज्या कामेहामेहाने १८१० पर्यंत सगळी बेटे एका सत्तेखाली आणली, तो १८१९ साली याच बेटाच्या पश्चिमेकडच्या कोना किनाऱ्यावर वारला. मकाहिकी नावाच्या सणाच्या दिवसांत लोनो देवाचे प्रतीक उंच काठीवर घेऊन मिरवणूक बेटाभोवती फिरे. तिथला मुलूख डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेला होता, प्रत्येक पट्ट्याच्या शिवेवर दगड रचून केलेले एक ठाणे असे आणि त्या ठाण्यापाशी लोक आपापला सारा आणून ठेवत. हे वाचले तेव्हा मला आपल्या गावची शीव आणि शिवेवरचा शेंदूर लावलेला दगड आठवला. शीव म्हटली की दगड आला आणि दगडापाशी काहीतरी ठेवणे आले, हे इतक्या दूरच्या माणसांनाही वेगळे वाटले नाही, याचे मला फार अप्रूप वाटले.

आता मी खाली काय बघत होते ते सांगते. शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवताना लाव्ह्याचे दोन प्रकार मी फळ्यावर लिहिले होते, पाहोएहोए आणि आआ. पहिला सायीसारखा गुळगुळीत, सुरकुत्या पडलेला. दुसरा खडबडीत, धारदार, ढेकळांचा. जगभरच्या भूगोलात हे शब्द हवाईच्या लोकांच्या बोलीतून आले आणि आपल्या दख्खनच्या पाषाणालाही तेच लावले जातात. मुले त्या शब्दांना हसत आणि मीही कधी त्यांचा नीट विचार केला नव्हता. परंतु आआ लाव्ह्यावर एकदा पाय ठेवला की त्या खडकाला स्वतःचे नाव का लागले असेल ते कळते. त्यावरून अनवाणी चालणे म्हणजे फोडलेल्या बाटल्यांच्या ढिगावरून चालणे. म्हणून जुन्या काळी माणसे पानांच्या विणलेल्या चपला घालत आणि जिथे वाट आआ लाव्ह्यावरून जाते तिथे समुद्राने घोळून गुळगुळीत केलेले गोटे एकेका पावलाच्या अंतरावर बसवलेले असत. एकामागे एक चालायची, एका माणसापुरती वाट. पुढे एकोणिसाव्या शतकात बेटावर घोडे आले, तशा त्या वाटा रुंद आणि सरळ झाल्या आणि दोन्ही कडांना दगडांच्या रांगा लागल्या. आपण चाललो त्या वाटेला १८७१ ची वाट का म्हणतात हे तुझ्या लक्षात आले का? त्या साली तिथल्या रहिवाशांनी कराच्या रकमेऐवजी अंगमेहनत देऊन ती घोड्यांसाठी दुरुस्त केली. कोना किनाऱ्यावरच्या इतर रुंद वाटाही अशाच झाल्या, काही कराऐवजी श्रम देणाऱ्यांच्या हातून आणि काही कैद्यांच्या हातून.

हे वाचले आणि माझे पाय जड झाले. कारण कडेचा एकेक दगड मला आता कोणीतरी वाकून ठेवलेला दिसू लागला, आणि ते वाकणे मी पाहिलेले आहे.

१९७२ साली मी दहा वर्षांची होते. तुझी आजी, म्हणजे माझी माय, दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे. तिच्याविषयी तुला मी पुष्कळ सांगितले आहे, पण हे कधी सांगितले नाही, कारण तिनेच ते कोणाला सांगितलेले आवडत नसे. घरचे दोन बैल खाटकाच्या दावणीला जाऊ नयेत म्हणून ओळखीच्या माणसाच्या हवाली करून आम्ही सगळे फाट्यापर्यंतच्या रस्त्याच्या कामावर गेलो. पुरुष टिकावाने खणत, बाया घमेल्यांनी मुरूम वाहत आणि माय, तिचा हात बसला होता म्हणून, खडीच्या ढिगापाशी बसे. जुन्या टायरचे कापलेले कडे दगडाभोवती धरायचे, म्हणजे ठोका घातल्यावर तुकडे उडत नाहीत, आणि दुसऱ्या हातातल्या हातोड्याने दगड एकाच ठिकाणी, न चिडता, न थांबता ठोकायचा. तिचा डावा अंगठा शेवटपर्यंत चपटा होता, तो तू पाहिला आहेस. लहानपणी त्यावर बोट फिरवून तू विचारायचास आणि ती ‘दारात सापडला होता’ म्हणायची. तो दारात सापडला नव्हता, रोहित.

संध्याकाळी मुकादम हजेरी घेई आणि ढीग मोजला जाई. मुलांना सुकडी मिळे. रेशनवर लाल ज्वारी येई, तिला सगळे मिलो म्हणत आणि ती तुझ्या अमेरिकेतून आलेली असे. तिची भाकरी थापताना चिरत असे आणि माय कडेकडेने ओल्या बोटांनी ती सांधत असे. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्या अनुभवातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, आणि मागेल त्याला काम हा त्यातला शब्द माझ्या मायसारख्या बायांच्या हातांनी लिहिला गेला असे मी मानते. वर्गात मी हे शिकवले, परीक्षेला प्रश्न घातला, पण प्रत्येक वेळी घसा दाटून येई म्हणून धडा लवकर संपवत असे.

म्हणून मी खाली बघत होते. तुझ्या दृष्टीने ती राजाची वाट होती आणि ती तशी होतीच, त्यात मला काही कमी करायचे नाही. फक्त मला राजापेक्षा त्या कडेच्या रांगेकडे अधिक ओढ वाटली. एका जागी, तुला आठवत असेल, मी खाली बसले आणि तुला वाटले की मला चक्कर आली. मी एका दगडावर हात ठेवला होता. त्याची वरची बाजू उन्हाने तापली होती, पण खालच्या सांध्यात बोट घातले तर तिथे गारवा होता, आणि दगडाचा चपटा तोंडवळा बरोबर वाटेकडे केलेला होता. तसा तो आपोआप पडत नाही. दोनतीनदा फिरवून पाहावा लागतो.

दगडाची आणखी एक गोष्ट. तो आपल्याच जातीचा दगड आहे. आपले घर, शेत, अंबाजोगाईची लेणी आणि वेरूळचे कैलास ज्या काळ्या पाषाणात आहेत तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे; तिथला मौना लोआ या ज्वालामुखीचा लाव्हा त्या मानाने कालचा. दोन्हींत थंड होताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची भोके असतात. आपल्याकडच्या दगडात ती भोके कोट्यवधी वर्षे झिरपलेल्या पाण्याने पांढऱ्या, हिरवट स्फटिकांनी भरून गेली आहेत, म्हणून विहिरीच्या दगडात मुलांना चकाकणारे खडे सापडतात. तिथल्या दगडाची भोके अजून मोकळी आहेत. मी त्यात करंगळीचे टोक घालून पाहिले. साठ वर्षे दगडात राहिलेल्या बाईला तो दगड किती कोवळा वाटला, ते तुला कसे सांगू!

पाण्याविषयी मात्र तुझ्यावर मी थोडी रागावले होते, ते आता सांगते. दोन माणसांत तीन बाटल्या घेऊन त्या किनाऱ्यावर जाऊ नये. बेटाच्या दुसऱ्या अंगाला, हिलोला, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि कोनाची किनारपट्टी डोंगरांच्या आड कोरडी राहते. सह्याद्रीच्या पलीकडे कोकण चिंब आणि अलीकडे आपण आभाळाकडे डोळे लावून, तसेच ते आहे. नदी नाही, ओढा नाही. पण डोंगरावर पडलेले पाणी त्या सच्छिद्र खडकातून आतल्या आत वाहत समुद्रापाशी वर येते. तू दाखवलेल्या त्या डबक्याजवळ, जिथे तांबडी इवलीशी कोळंबी फिरत होती, तिथे मी बराच वेळ थांबले. तळाशी खारे पाणी आणि त्यावर हलके गोडे पाणी तरंगते. जुन्या लोकांची वस्ती अशा जागा धरूनच होती. आपल्याकडे पाझर तलाव बांधायला सरकारी योजना लागली. तिथे डोंगराने तो स्वतःच बांधून ठेवला आहे.

पुउहोनुआची, म्हणजे होनाउनाउच्या त्या शरणस्थानाची, मोठी भिंतही डोळ्यांपुढून जात नाही. बारा फूट उंच, सतराअठरा फूट जाड, लांबीने हजार फुटांच्या घरात, आणि सांध्यांत ना चुना ना माती. धार्मिक निर्बंध मोडणाऱ्याला जिथे मृत्यूची शिक्षा होती, तिथे या भिंतीच्या आत पोहोचलेल्या माणसाला जीवदान मिळे. जमिनीकडच्या बाजूला राजाचा आवार असल्यामुळे पुष्कळांना पोहत खाडी ओलांडावी लागे. १८१९ मध्ये ते निर्बंधच उठले. तू तिथे फार सुंदर छायाचित्रे काढलीस. मी मात्र हे पाहत होते की कोणी एवढे दगड रचले असतील, आणि त्यांच्यापैकी कोणावर कधी आत धावत येण्याची वेळ आली असेल का.

आलाहाकाच्या उतारावर तू माझा हात धरलास. कड्यावरून लाव्हा पडद्यासारखा ओघळून थिजला आहे त्याच्या शेजारी, दगड रचून केलेला तो चढ. तुझी पकड घट्ट होती आणि तू घाईत नव्हतास. मला फार बरे वाटले. वर जाऊन मागे पाहिले तर खाली समुद्र निळाशार आणि फेसाच्या कडेला काळा खडक, आणि त्यावरून आपण आलो ती वाट एका सरळ रेघेत. पुढे किइलाएचे ओसाड गाव, नुसती रचलेल्या भिंतींची जोती. तिथे बसून आपण सोबत आणलेल्या दशम्या खाल्ल्या. आजी कामावर निघताना फडक्यात जी भाकरी बांधून नेत असे ती नुसती मिरची लावलेली असे, दशमी सणावारी.

तिथून मी एक खडा उचलला होता. सुपारीएवढा. मग तो जिथून घेतला तिथेच, त्याच खळग्यात परत ठेवला, कारण तिथले दगड हलवू नयेत असे सांगितलेले आहे, आणि ज्या माणसाने वाट रचली त्याच्या मोजणीतून एक खडा कमी करणे मला बरे वाटले नाही. तू विचारलेस, हातात काय होते? तेच होते.

गावी परत आले तेव्हा आपल्या फाट्याच्या रस्त्यावर पाइपलाइनसाठी आडवा चर खणलेला होता. मी रिक्षा थांबवून उतरले. वर डांबर, खाली यंत्राची बारीक खडी, त्याखाली मुरूम आणि अगदी तळाशी मोठ्या, वेड्यावाकड्या खडीचा एक थर. हाताने फोडलेली खडी ओळखू येते, एकही तुकडा दुसऱ्यासारखा नसतो. चराच्या कडेला पडलेला एक तुकडा मी उचलून घरी आणला आहे. तो धुतला तेव्हा एका बाजूच्या भोकात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा स्फटिक निघाला. देवघरात मायच्या फोटोजवळ ठेवला आहे. तू येशील तेव्हा तुझ्या हातात देईन.

दिवाळीला येशील तेव्हा एका पहाटे आपण घरापासून फाट्यापर्यंत पायी जाऊ. चार किलोमीटरच आहे. मायचा ढीग जिथे असे ते बाभळीचे झाड आता नाही, पण वळण तेच आहे, मी दाखवीन. पाण्याच्या बाटल्या चार घे. वाटेतला आड कोरडा पडला आहे.

तुझी,
आई