बाबा, कोयनेचं पाणी समुद्राला भेटताना बघितलं

सांगली, २० मे

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

परवा रात्री सुखरूप पोचलो. फोनवर गुडघ्याच्या चौकशीतच निम्मा वेळ गेला, आणि बाबा नेहमीसारखे "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देऊन मोकळे. म्हणून हे पत्र.

पेठ नाका, कराड, पाटण, कोयनानगर. हेळवाकला चहा झाला आणि कुंभार्ली घाट मी उतरवला. ह्यांनी दोनदा विचारलं, "मी घेऊ का?" म्हटलं, एसटी ड्रायव्हरची पोरगी आहे. ज्या गिअरवर घाट चढायचा त्याच गिअरवर उतरायचा, हे तुमचं बोलणं प्रत्येक वळणाला कानात होतं. एका वळणावर मात्र समोरून ट्रक आला आणि घामच फुटला. आईला वाचून दाखवताना हे गाळा.

चिपळूणला पुलावरून वाशिष्ठी बघितली आणि गाडी बाजूला घेतली. बाबा, भर मे महिन्यात वाहती नदी! इथं आयर्विन पुलाखाली कृष्णेत दगड दिसतायत, कोयनेतून पाणी सोडा म्हणून ओरड चालू आहे. आणि तिकडे तेच पाणी. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडे उतरायचं, वीज करायची आणि वाशिष्ठीला मिळायचं. त्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी ठरलेलं आहे, म्हणजे भरलेल्या धरणातला निम्म्याहून जास्त साठा. पेपरात धरणाची पातळी वाचून तुम्ही "आपलं पाणी चाललं कोकणात" म्हणता ना, ते जातं कुठं ते बघायचंच असं मी तिथंच ठरवलं.

गुहागरला एक रात्र राहून धोपाव्याला गेलो. तिथून वाशिष्ठीच्याच खाडीपलीकडं दाभोळ. गाड्या नेणाऱ्या बोटीला तिकडं जंगलजेटी म्हणतात. सपाट लोखंडी बोट, पुढची फळी धक्क्यावर टेकते आणि गाडी सरळ आत. सरळ कसली, मला रिव्हर्स घ्यायला लावली! मागं पाणी, आरशात आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो आणि एक खलाशी "येऊ द्या ताई, येऊ द्या" म्हणत हात हलवतोय. बोटभर जागा राखून लावली. त्यानं मान डोलावली, तेवढ्यात भरून पावले.

बोट सुटली की डिझेलचा वास आणि खारा वारा एकदमच येतो. पोरं कठड्याला. मी मात्र खाली पाण्याकडं बघत होते. डावीकडं खाडीचं तोंड, अंजनवेलच्या बाजूला दीपगृह, पुढं नुसता समुद्र. महाबळेश्वराजवळ उगवलेलं पाणी असं डोंगर फोडून इथवर आलेलं. पंधरा मिनिटांत दाभोळ आलंसुद्धा. नाहीतर चिपळूण-खेडवरून केवढा वळसा!

तुमची चिपळूणची मुक्कामी गाडी इतकी वर्षं. स्टँड, कँटीन, टपावर झोप आणि पहाटे परत. तिथून समुद्र एवढा जवळ, पण एकदाही पुढं गेला नाहीत. तेव्हा ड्युटी होती, आता काय आहे?

आई, तुला बोटीत चढायचं-उतरायचं काही नाही, गाडीतच बसून राहायचं. मळमळेल म्हणून लिंबू बरोबर घेऊ. दाभोळची चंडिका गुहेत आहे, आत अंधार आणि समयांचा उजेड. तिथं मात्र वाकून, हळू जावं लागेल.

दिवाळीनंतर जाऊ. घाट मी उतरवीन. जंगलजेटीवर रिव्हर्स बाबांनी घ्यायची.

तुमची,
ताई