धावपट्टीवरचा लाल दिवा आपोआप लागावा

संपादक साहेब,

एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हापासून आमच्या पारावर विमानाच्याच गप्पा, बसलं कोणीच नाही ते वेगळं. परवा विषय निघाला जपानचा. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं विमान धावपट्टीवर उभ्या कोस्टगार्डच्या विमानाला धडकलं, मोठ्या विमानातले ३७९ च्या ३७९ वाचले पण लहान्यातले ५ जण गेले. विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्या टॉवरनं लहान्याला धावपट्टीवर जायची परवानगी दिलीच नव्हती, त्याच्या पायलटला वाटलं दिली. म्हणजे सारा कारभार कानावर!

अमेरिकेत काही मोठ्या विमानतळांवर यासाठी ऑटोमॅटिक दिवे आहेत. धावपट्टीवर कोण आहे, कोण येऊन राहिलं ते रडार वगैरे पाहते आणि धोका दिसला की जमिनीत बसवलेले लाल दिवे कोणी बटन न दाबता लागतात, पायलटनं थांबायचं. दिवे विझले म्हणजे निघा असं मात्र नाही, परवानगी टॉवरचीच लागते. हे मले लय पटलं, कारण आमच्या विहिरीवरच्या मोटारीले ऑटो आहे, लाइन आली की मोटार सुरू, पण विहिरीत पाणी आहे का ते मालकालेच पाहावं लागते.

बेलोऱ्याला एवढ्यात याची गरज नाही, विमानं असतात किती! पण मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात अन् गर्दी विचारू नका, तिथं तरी हे दिवे लावायचा विचार सरकारनं करावा.

– एक शेतकरी वाचक, जि. अमरावती