काका, वेट स्टेट समजावून दिल्याबद्दल

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

‘आभार वगैरे नकोत’ असं तुम्ही फोनवर बजावलंत, तरी हे उघडपणे लिहितोय. मेनफ्रेमचा एम्युलेटर, म्हणजे आयबीएमच्या त्या मोठ्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासारखा जाणता माणूस भेटेलच असं नाही.

एक्स८६ वर, म्हणजे पीसीतल्या प्रोसेसरवर, हात बसलेल्याला ‘हॉल्ट’ ही एक सूचना वाटते. तुम्ही पहिल्यांदा तेच डोक्यातून काढलंत. १९६४ च्या सिस्टिम/३६० पासून थांबणं (वेट स्टेट) म्हणजे पीएसडब्ल्यूमधला, म्हणजे प्रोसेसरची चालू स्थिती सांगणाऱ्या ‘प्रोग्रॅम स्टेटस वर्ड’मधला, बिट १४, बाकी काही नाही. मग कागद घ्यायला लावून एक आय/ओ इंटरप्ट, म्हणजे ‘माझं काम झालं’ ही डिव्हाइसची हाक, हाताने चालवून घेतलात. एमव्हीएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिमला काम उरलं नाही की पीएसडब्ल्यू ०७०ई०००० ००००००००. टेप ड्राइव्हचं काम संपलं, की हाच पीएसडब्ल्यू वेट बिटासकट मेमरीतल्या हेक्स ३८ या पत्त्यावर जसाच्या तसा जातो आणि ७८ वरून नवा येतो. नव्यात तो बिट शून्य, म्हणून प्रोसेसर चालू. ‘जागा हो’ सांगणारा वेगळा फ्लॅग लागतच नाही! जुन्यातला बिट मात्र पुसायचा नाही. एलपीएसडब्ल्यूने (पीएसडब्ल्यू भरणाऱ्या सूचनेने) तोच परत आला, तर प्रोसेसरने पुन्हा थांबलंच पाहिजे. परत तिथे जायचं की दुसरं काम उचलायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवील.

खरी मेख एम्युलेटरच्या थ्रेड्समध्ये, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या भागांत, होती. सीपीयूचा थ्रेड बघतो, इंटरप्ट नाही. तो झोपणार, एवढ्यात डिव्हाइसचा थ्रेड इंटरप्ट नोंदवून सिग्नल देतो. ऐकायला कोणी झोपलेलंच नाही, सिग्नल वाया. मग हा झोपतो, आणि पुढचा इंटरप्ट येईपर्यंत सगळं ठप्प. तपासणं आणि झोपणं एकाच लॉकखाली (मध्येच दुसरा थ्रेड घुसू नये म्हणून), लॉक सोडणं आणि झोपणं एकाच क्रियेत, उठल्यावर पुन्हा तपासणी: हे तुम्ही इतक्या शांतपणे सांगितलंत की त्याच रात्री कोड लिहून झाला.

०००ए०००० ने सुरू होणाऱ्या पीएसडब्ल्यूत मास्क (इंटरप्ट आत येऊ देणारे बिट) सगळे बंद, म्हणजे ऑपरेटरने हात घातल्याशिवाय सुटका नाही. थांबण्याचं कारण सांगणारा त्यातला कोड आता स्क्रीनवर ठळक दिसतो. वेटमध्ये सीपीयू टायमर चालू राहतो, स्टॉप्डमध्ये (प्रोसेसर पूर्ण थांबवलेला असताना) थांबतो, हेही तुमच्यामुळेच वेळेवर कळलं.

आता दोन प्रोसेसर जोडायला घेतलेत. सिगपीपाशी (एका प्रोसेसरने दुसऱ्याला इशारा द्यायच्या सूचनेपाशी) अडलो की फोन करीनच. काकूंना नमस्कार.

कळावे, लोभ असावा.