सूर्य बघून वाट ठरवणाऱ्या मार्सेयच्या गाइड ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

निरोप घेताना तुम्ही म्हणाला होतात, "आभार राहू देत, फोटो पाठवा." फोटो कधीच पोचलेत. आभार मात्र चारचौघांत मानायचे होते, कारण आमच्या कॅमेरा क्लबातले बरेच जण फ्रान्समधल्या मार्सेयला जायचं म्हणतात आणि माहितीपत्रकातल्या क्रमानं फिरायचा बेत करतात. तुमच्या फेरीला तसा क्रमच नव्हता. सूर्य कुठे आहे, तो तासाभरानं कुठे असेल, एवढंच बघून तुम्ही आमची संध्याकाळ आखली होती.

जूनमध्ये तिथे सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे सातला भेटूनही हातात भरपूर वेळ होता. सुरुवात जुन्या बंदराच्या टोकाशी, वास्तुकार नॉर्मन फॉस्टरच्या आरशाच्या मांडवाखाली. ४६ मीटर लांब, २२ मीटर रुंद, चकचकीत स्टीलचं छत. सगळे माना वर करून स्वतःचेच फोटो काढत होते. तिथे तुम्ही सांगितलेलं आजही उपयोगी पडतं: फोकस छतावर धरायचा नाही, छतात दिसणाऱ्या माणसांवर धरायचा. प्रतिबिंब छताच्याही पलीकडे, तेवढ्याच अंतरावर असतं.

मग नगरपालिकेसमोरचा उत्तरेकडचा धक्का. पाण्यापलीकडे टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्द हे चर्च, १८६४ मधलं, आणि मनोऱ्यावर अकरा मीटरची सोनेरी मेरीमाता. मार्सेयकर तिला 'बोन मेर', म्हणजे चांगली आई म्हणतात. ऊन उजवीकडून, तिरपं येत होतं आणि भिंतींचा प्रत्येक कोपरा सुटा दिसत होता. पुढ्यात डोलकाठ्यांचं रान. मी ट्रायपॉड काढायला लागलो तशी तुम्ही हसलात. नावा हलतात, शटर जास्त वेळ उघडं ठेवलंत तर डोलकाठ्या फिसकटणार, त्यापेक्षा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, वाढवा आणि लांबच्या लेन्सनं देऊळ जवळ ओढा. ती चौकट आता आमच्या दिवाणखान्यात आहे.

त्याच धक्क्यावर तुम्ही आम्हाला वळवून मागच्या इमारती दाखवल्या. नगरपालिका सतराव्या शतकातली, पण तिच्या दोन्ही बाजूंची रांग एकाच वयाची. १९४३ च्या सुरुवातीला जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीनं इथली वस्ती रिकामी केली, सुमारे २० हजार माणसं बाहेर काढली आणि जवळपास १,५०० इमारती सुरुंगांनी उडवल्या. नगरपालिकेची इमारत आणि आणखी मोजक्याच वास्तू उरल्या. हे कळल्यावर मी तो साधासा धक्का जरा जास्तच वेळ टिपला. पुढे बंदराच्या तोंडाशी दोन किल्ल्यांच्या मधली मोकळी जागा दाखवून तुम्ही मोबाइलवर एक जुना फोटो उघडलात. तिथे १९०५ पासून लोखंडी पूल होता, त्याला टांगलेला पाळणा माणसं आणि गाड्या इकडून तिकडे न्यायचा. १९२० च्या दशकात युरोपातले नव्या दमाचे छायाचित्रकार त्याच्या जाळीतून खालचं बंदर टिपायला यायचे. १९४४ मध्ये जर्मनांनी तोही सुरुंगानं मोडला, उरलेला भाग १९४५ मध्ये पाडला गेला. आता तिथे फक्त आकाश आहे, आणि माझ्या फोटोत ते मी मुद्दाम रिकामं ठेवलंय.

ला माजोर कॅथेड्रलचे फिकट आणि हिरवे पट्टे उन्हात झकास दिसले, तिथे फार थांबलो नाही. तिथल्या कठड्यावरून जोलिएत या नव्या बंदराच्या गोद्या दिसतात आणि मराठी माणसाला जे विचारावंसं वाटतं ते मी विचारलं. ८ जुलै १९१०, मोरिया बोट, सावरकरांची उडी. वडिलांनी 'त्या जागेचा' फोटो आणायला सांगितलं होतं. एखाद्या गाइडनं कुठलाही धक्का बोटानं दाखवून मला खूश केलं असतं. तुम्ही म्हणालात, मोठ्या आगबोटी तेव्हा जुन्या बंदरात नाही, या बाजूला लागायच्या. "याहून नेमकं सांगायला मी तेव्हा नव्हते," असंही म्हणालात. वडिलांना मी हेच शब्द सांगितले आणि त्यांना ते फार आवडले.

मग बंदराला वळसा घालून फारोच्या बागेत. सूर्य बुडायला आला आणि बागेतले सगळे कॅमेरे समुद्राकडे वळले. तुम्ही आम्हाला समुद्राकडे पाठ करून उभं केलंत. समोर सेंट जाँचा किल्ला गुलाबी झाला होता, शेजारी २०१३ च्या म्यूसेम संग्रहालयाची काळी काँक्रीटची जाळी. मिस्त्रालही सुटला होता. उत्तरेकडून रोनच्या खोऱ्यातून येणारा हा कोरडा वारा हवा लख्ख करतो आणि ट्रायपॉड हलवतो. मधली दांडी खाली, पिशवी हुकाला टांगलेली, आणि दिवे लागल्यावर आकाश निळं असेपर्यंतच काय ते काढून घ्यायचं. काळं झालं की कॅमेरे बंद! तुमचा हा नियम मला थोडा कडक वाटला, पण पटला.

आणखी एका गोष्टीबद्दल क्लबातर्फे आभार. आम्ही दरवर्षी कॅलेंडर छापून विकतो. फ्रान्समध्ये हयात वास्तुकाराची इमारत विकाऊ छपाईत वापरायला परवानगी लागते, २०१६ च्या कायद्यातली सूट खासगी व्यक्तीच्या बिनव्यापारी वापरापुरतीच आहे, हे तुम्ही वेळेवर सांगितलंत. त्यामुळे आरशाचा मांडव आणि म्यूसेम घरच्या भिंतीवर राहिले, कॅलेंडरवर बोन मेर गेली.

सप्टेंबरात माझी वहिनी तिकडे येतेय. ती फक्त मोबाइलवर फोटो काढते आणि कुणाचं ऐकत नाही. तेव्हा दिवस लहान झालेला असेल, म्हणून फेरी किती वाजता सुरू होईल ते तिला आधी कळवा.

तुमचा,
फारोच्या बागेत पाठ करून उभा राहिलेला एक