आमच्या फिजिओ मॅडमना, जाहीर थँक्यू

मॅडम, तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो कामच आहे ते माझं" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे लिहितेय. नाव टाकत नाही, वाचलंत की कळेलच तुम्हाला.

बाबांच्या गुडघ्याची वाटी फ्रॅक्चर झाली, पाय प्लास्टरमध्ये गेला, ते सगळं जाऊ दे. प्लास्टर कापल्यावर मांडी बघून आम्ही हबकलोच, पार सुकलेली, कातडी लोंबत होती आणि पाय सरळ उचला म्हटलं तर उचलेचना. आधीच्या डॉक्टरांना विचारलं तर मोबाईलमधून मान वर न करता म्हणाले, "वय झालंय, आता एवढंच." फी मात्र पूर्ण घेतली हं! बाबांनी तेव्हापासून ओट्यावर येऊन बसणंसुद्धा सोडलं.

तुम्ही गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी सरकवलीत, बाबांचाच तळहात धरून त्यांच्या मांडीवर ठेवलात, वाटीच्या जरा वर, आतल्या अंगाला, त्यावर तुमचा हात, आणि म्हणालात "काका, टॉवेल खाली दाबा." पाय तसूभर हलला नाही. पण हाताखाली काहीतरी कडक झालं आणि बाबांनी दचकून माझ्याकडे बघितलं. "लागलं ना हाताला? जिवंत आहे तो स्नायू, नुसता बारीक झालाय." बास, या एका गोष्टीसाठी हे पत्र. तुम्ही नुसतं तोंडाने सांगितलं असतंत तर बाबांनी मान डोलावली असती आणि घरी येऊन परत भिंतीकडे तोंड करून झोपले असते.

नंतर तुम्ही सांगितलंत की वापर थांबला की स्नायूतले तंतू बारीक होतात, शरीर त्यातली प्रथिनं मोडायला लागतं, आणि मेंदूकडून येणारा निरोपही नीट पोचत नाही, म्हणून व्यायाम सुरू केला की आधी ताकद येते आणि मांडी भरते ती मागाहून. हे ऐकून मी टेप घेऊन मांडी मोजायचं बंद केलं! दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून तुम्ही अ‍ॅक्टिन आणि मायोसिन दाखवलंत, की तंतूतले हे दोन प्रकारचे धागे स्वतः आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखूड होतो. धाग्यांना एकमेकांची पकड सोडायलाही एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतं, ते संपतं म्हणून माणूस गेला की शरीर ताठ होतं, हे ऐकून आमचे रिटायर्ड फिटर बाबा जाम खूश, तेव्हापासून येईल त्याला हेच सांगतात, चहा प्यायला आलेल्या शेजाऱ्यांनासुद्धा.

आणि ते तुमचं वाक्य, हृदयाचा आणि आतड्याचा स्नायू आपल्याला न विचारता काम करतो, मांडीचा मात्र सांगावं लागतं, तेव्हा काका रोज सांगत जा त्याला. ते खरंच सांगतात हो, मोठ्याने, "चल रे, उचल!"

बाहेर पेशंटची लाईन असायची तरी तुम्ही बाबांना बुटाची लेस स्वतः बांधू द्यायचात, घड्याळाकडे न बघता. एवढी साधी माणुसकी दिसली तरी हल्ली भरून येतं, काय सांगू.

आता बाबा कठडा धरून जिना चढतात. उतरताना अजून कुरकुर आहे, त्याचं पुढच्या वेळी बघा. आणि बिल तुम्ही कमी लावलंय असं त्यांचं ठाम म्हणणं आहे, त्यावर भांडायला ते स्वतः येणारेत.