साथीदाराचा कान

प्रिय विन्या,

तुझं पत्र पोचलं. गुडघा बरा आहे, शिकवण्या चालू आहेत, हे वाचून बरं वाटलं. पण मध्येच जे लिहून टाकलंयस, की सगळी हयात दुसऱ्यांना पेटीवर साथ करण्यात आणि पोरांकडून अलंकार घोटून घेण्यात गेली, त्यावर फोनवर बोललो असतो तर भांडणच झालं असतं. म्हणून लिहितोय. उपदेश नाही करत, एका माणसाबद्दल सांगतो.

ग्यॉर्गी कुर्ताग. हंगेरियन संगीतकार, जन्म १९२६चा, रुमानियातल्या लुगोजचा. लिगेटी त्याचा जिवलग दोस्त, तोही संगीतकारच. हंगेरीतला १९५६चा उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडल्यावर लिगेटी देश सोडून गेला आणि जगभर गाजला. कुर्ताग बुडापेस्टमध्येच राहिला. १९६० ते ६८ त्याची नोकरी काय, तर गायक-वादकांकडून पियानोवर बसून त्यांचे कार्यक्रम बसवून घेणं. म्हणजे तुझंच काम! पुढे लिस्ट अकादमी या तिथल्या संगीत महाविद्यालयात शिकवायला लागला, तेही रचना कशी करायची हे नाही. आधी पियानो आणि मग चेंबर म्युझिक, म्हणजे चार-दोन जणांनी एकमेकांचं ऐकत वाजवायचं. आंद्राश शिफ, झोल्तान कोचिश यांच्यासारखे वादक त्याच्या हाताखालून गेले. एकेका स्वरासाठी हा माणूस वादकांना घाम फोडतो. बाहेरच्या जगाला त्याचं नाव नीट कळलं ते १९८१मध्ये, पॅरिसला त्याच्या 'ट्रुसोव्हा' गीतमालेचा पहिला कार्यक्रम झाला तेव्हा. वय पंचावन्नच्या घरात.

त्याआधी एकदाच तो वर्षभर पॅरिसला राहिला होता, १९५७-५८मध्ये. मेस्सियाँ, मियो अशा बड्या संगीतकारांच्या वर्गांना बसायचा, पण आतून पार खचलेला, काही लिहवेना. तिथे मारियान श्टाइन नावाच्या हंगेरियन मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला सांगितलं, दोन स्वर घे आणि ते जोडून दाखव, बस्स. आपल्याकडे जुने बुवा महिनोन्‌महिने नुसता सा लावायला सांगत, त्याच जातीचा इलाज. परत आल्यावर १९५९मध्ये त्याने स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना लिहिली, ती बाईंना अर्पण केली, आणि आधीचं बरंच लिहिलेलं असूनही क्रमांक दिला ओपस १, म्हणजे पहिली कृती.

आता मूळ मुद्दा. त्याची 'ओमाज आ आर. श.' ही रचना ऐक. १९९०मध्ये पुरी झाली. ओमाज म्हणजे मानवंदना, 'आर. श.' म्हणजे १९व्या शतकातला जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमन. वाद्यं तीन: क्लॅरिनेट, व्हायोला (व्हायोलिनचा थोरला भाऊ) आणि पियानो. शूमनने १८५३मध्ये याच तिघांसाठी 'परीकथा' लिहिल्या होत्या. सगळी मिळून दहाएक मिनिटं, भाग सहा. पहिले पाच म्हणजे चुटकेच. एक गिरकी घेऊन संपतो, एक हळूच गुणगुणतो, एक अंगावर धावून येतो आणि तू सावरायच्या आत गायब. शूमनने स्वतःची मनं वाटून दिली होती ना, तापट फ्लोरेस्टान, हळवा युसेबियस आणि दोघांना सांभाळणारा गुरू रारो, ती मंडळी इथे येऊन जातात. भागांची नावं मात्र मला जरा जास्तच हुशारीची वाटतात. एकात जर्मन लेखक हॉफमानच्या कथांमधला संगीतकार क्रायस्लर, दुसऱ्यात हंगेरियन कवी आत्तिला योझेफची ओळ... नावं न वाचता ऐकलंस तरी काही अडत नाही.

सहावा भाग एकटाच आधीच्या पाचांपेक्षा लांब आहे. त्याचं नाव 'निरोप', आणि कंसात, मास्टर रारोला गियोम द माशो सापडतो. माशो १४व्या शतकातला फ्रेंच रचनाकार. लयीचा एक साचा ठरवायचा, तो फिरून फिरून आणायचा आणि वरचे सूर बदलत न्यायचे, ही त्या काळची युक्ती. तुझ्यासारख्या आवर्तनात मुरलेल्या माणसाला ते लगेच पकडता येईल. पियानो खालच्या पट्टीत जड पावलं टाकत चालतो, बाकीचे दोघे त्याच्यावर रेलतात. आणि अगदी शेवटी क्लॅरिनेटवाला वाद्य बाजूला ठेवतो आणि शेजारच्या बास ड्रमवर, म्हणजे मोठ्या ढोलावर, एकच ठोका देतो, तोही अगदी हलका. एवढ्यासाठी तो अवजड ड्रम मंचावर आणून ठेवायचा! फोनच्या स्पीकरवर तो ऐकूही येणार नाही, हेडफोन लाव.

आयुष्यभर साथ केलेल्या माणसालाच असं लिहिता येतं, हे माझं ठाम मत. इथे कुणीही कुणाच्या वर चढत नाही. व्हायोलाचा स्वर विरतोय तोवर क्लॅरिनेट थांबतो, पियानो दोघांना जागा देतो. कधी गप्प बसायचं हे कुर्तागला कळतं, आणि ते साथीदाराइतकं कुणाला कळतं?

त्याची बायको मार्ता पियानिस्टच. १९४७चं लग्न. म्हातारपणी दोघं साध्या उभ्या पियानोवर, प्रेक्षकांकडे पाठ करून, बाखच्या रचना चार हातांनी वाजवायचे. ती २०१९मध्ये गेली. त्याच्या आदल्या वर्षी मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात त्याचा पहिला ऑपेरा लागला, बेकेटच्या नाटकावरचा. ते नाटक त्याने पॅरिसच्या त्या पडत्या वर्षातच पाहिलं होतं. ऑपेरा रंगमंचावर आला तेव्हा तो ९२चा.

किम काशकाशियान, एदुआर्ड ब्रुनर आणि रॉबर्ट लेविन यांचं ध्वनिमुद्रण मिळव, त्यात शूमनच्या 'परीकथा'ही आहेत. आधी त्या ऐक, मग हे. पहिल्यांदा कपाळाला आठ्या पडतील, माझ्याही पडल्या होत्या. गणपतीत मिरजेला येतोय, तेव्हा सहावा भाग पेटीवर काढून बघू. खालचे स्वर पुरणार नाहीत, पण लय तर धरता येईल. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगू